हुसेनसाबांकडचं प्रस्थान

"प्रस्थान उचलायला विसरू नका," आप्पा एसटीच्या खिडकीतून दुसऱ्यांदा म्हणाले.

"नाही विसरत," मी म्हटलं.

"हुसेनसाब रस्त्यावरच उभे राहतील. सोलापूर रोडला, गावाबाहेर, लाकडाच्या वखारीपाशी."

"कळलं, आप्पा."

"आणि ट्रेलरात कुणी बसायचं नाही. ओढून न्यायच्या वाहनात माणूस बसला की गुन्हा होतो. चाळीसच्या वर जायचं नाही. मागचा लाल कपडा सुटतोय का, मधेमधे उतरून बघायचं."

तेवढ्यात गाडी सुटली म्हणून बरं, नाहीतर आप्पांनी मला सगळा मोटार कायदा विजापूरच्या स्टँडवर म्हणून दाखवला असता. आप्पा म्हणजे माझे सासरे, नरहरी पोतदार. आयुष्य टपालखात्यात गेलेलं. सोलापूर-गदग मेलगाडीत रात्रंदिवस पत्रांची छाननी करायचे. माणसाकडेसुद्धा ते आधी पत्ता वाचल्यासारखं बघायचे, आणि माझ्याकडे बघितलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कारण मला पत्ताच नव्हता.

मी मधमाश्या पाळतो. सोनाराच्या घरात जन्मलो, बार्शीत वडिलांची पेढी होती, ती थोरल्या भावाकडे सोपवली आणि मी माश्यांच्या मागं लागलो. दीडशे पेट्या घेऊन फुलोऱ्यामागं फिरायचं. सूर्यफूल झालं की धने, धने झाले की ओवा, मग तीळ. शेताच्या बांधावर तंबू ठोकायचा, महिना-दीड महिना राहायचं, फुलं सरली की उठायचं. वर्षातले आठ महिने असे. लग्नानंतर उज्ज्वला दोन वर्षं माझ्याबरोबर त्या तंबूत राहिली. तक्रार म्हणून तिच्या तोंडून निघाली नाही. मग त्या पावसाळ्यात तिळाच्या रानात तिच्या उशाखाली घोणस निघाली.

चावली नाही, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी तिनं भांडी बांधली आणि शांतपणे सांगितलं, "अहो, मी जमिनीवर परत झोपणार नाही. मला जमिनीपासून वर लाकडी तळ पाहिजे आणि आतून लावता येईल अशी कडी पाहिजे. एवढं झालं तर मी येईन. नाही झालं तर बार्शीत आप्पांकडे राहीन. तुम्ही येत जा अधनंमधनं."

आप्पांनी तिची बाजू घेतली. "सूर्यफूल फुलायच्या आत घर दाखवा," म्हणाले. "फिरतं असलं तरी चालेल, पण कागदोपत्री असलं पाहिजे."

म्हणून विजापूरच्या एका मिस्त्रीकडून हा ट्रेलर बांधून घेतला. आभाळी रंगाची, पत्र्याच्या छताची खोली, दोन चाकांवर. आत दोन बाकं, ओट्याएवढी फळी, दोन्ही खिडक्यांना जाळी. दाराला आतून कडी, ती उज्ज्वलानं स्वतः दुकानात जाऊन निवडलेली. माझी जुनी जीप पुढं जोडायची आणि हे घर मागं. मी त्याला डबा म्हणायचो, आप्पा वाहन म्हणायचे. उज्ज्वला पहिल्या दिवसापासून घर म्हणत होती.

वाहन म्हटलं की नोंदणी आली. ती सोलापूरला व्हायची होती आणि डबा होता कर्नाटकात. बिननोंदणीचं वाहन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं तर विक्रीचा दाखला, चालवण्यालायक असल्याचा दाखला, विमा आणि तात्पुरता नंबर लागतो. मी एकटा असतो तर सरळ जोडून निघालो असतो, पुढचं पुढं. आप्पांनी मात्र विजापुरात आठ दिवस बहिणीकडे मुक्काम ठोकून एकेक कागद मिळवला. तात्पुरता नंबर महिन्याचा होता, तो पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात रंगवून घेतला. त्यातला 'टी' नीट आला नाही म्हणून पेंटरला दोनदा पुसायला लावला.

एवढं सगळं कायदेशीर करणारा माणूस पंचांगापुढं मात्र लोण्यासारखा विरघळायचा. जीपला जोडायचा दांडा मिस्त्रीनं चुकीच्या उंचीला लावला होता, तो कापून परत जोडायचा होता. ते काम गुरुवारपर्यंत चालणार होतं आणि शुक्रवारी पौष लागत होता. पौषात नवीन घर हलवायचं? आप्पांना झोप लागेना. मग त्यांनी मंगळवारच्या चांगल्या मुहूर्तावर प्रस्थान ठेवलं. म्हणजे जायचं पुढं असलं तरी एका गाठोड्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघालाच. पुढं खरंच निघाल्यावर वाटेत ते उचलून बरोबर घ्यायचं.

ते त्यांनी ठेवलं हुसेनसाबांकडे. हुसेनसाब विजापूर स्टेशनवर मेलगाडीतून टपालाच्या थैल्या उतरवून घ्यायचे. आप्पा वरून थैली द्यायचे, हे खालून सही द्यायचे. तीस वर्षं दोघांची गाठ रोज फलाटावर चार-पाच मिनिटं पडायची, आणि तेवढ्यावर दोघांची सख्ख्या भावासारखी मैत्री.

तर त्या शुक्रवारी आप्पा पुढं सोलापूरला गेले, आरटीओत रांगेत नंबर लावायला. दांड्याच्या कामात महिना सरला होता, तात्पुरत्या नंबरची मुदत त्याच दिवशी संपत होती. साडेचारपर्यंत वाहन साहेबांना दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, मग रविवार. आणि पेट्या सोमवारी उचलायच्या होत्या, सूर्यफूल कुणासाठी थांबत नाही. आज डबा पोचला नाही तर उज्ज्वला ह्या फुलोऱ्याला येणार नव्हती, आणि एकदा मागं राहिली की कायमची राहील, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिलाही होतं.

निघायला साडेदहा झाले. जीप मी चालवत होतो, शेजारी उज्ज्वला, तिच्या मांडीवर आप्पांनी दिलेलं कागदांचं फोल्डर. मागं डबा डुलत येत होता. रस्त्यावरचं प्रत्येक माणूस थांबून बघायचं. पोरं पळत यायची, पानटपरीवरचे लोक हात करायचे. मला जरा मिजासच चढली.

वखार आली. डाव्या अंगाला पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ हात वर करून उभे होते.

"अहो, प्रस्थान," उज्ज्वला म्हणाली.

आता खरं सांगतो. मला ते दिसले होते. पण मागं ट्रकांची रांग लागली होती, रस्त्याकडेला उतार होता, आणि डबा जोडून मागं कसं घ्यायचं हे मला येत नव्हतं. आदल्या दिवशी मिस्त्रीच्या आवारात प्रयत्न केला तर डबा भलतीकडेच वळून भिंतीला लागायला आला होता. इथं उतरलो आणि चाक रुतलं तर? शिवाय मनात आलं, चार दाणे तांदूळ आणि एक सुपारी, त्यासाठी हा जीव टांगणीला कशाला लावायचा.

"आणतील कुणीतरी मागनं," मी म्हटलं आणि तसाच पुढं गेलो.

उज्ज्वला मागं वळून बघत राहिली. "पळतायत हो ते," एवढंच म्हणाली. मग भीमा येईपर्यंत आरशातनं मागचा रस्ता बघत होती.

भीमेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. पुढं नाका. तिथं ट्रकांची ही रांग. आमचा नंबर लागला तेव्हा सव्वा वाजला होता. साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी डब्याला एक फेरी मारली, पिवळी पाटी वाचली, लाल कपडा ओढून बघितला.

"हे काय आहे?"

"घर आहे साहेब," उज्ज्वला म्हणाली.

"कुणाचं?"

"आमचं."

"आत कुणी बसलंय?"

"नाही साहेब. बसता येत नाही ना कायद्यानं," मी ऐटीत म्हटलं.

साहेब हसले. "बरीच तयारी केलेली दिसते. द्या कागद."

उज्ज्वलानं फोल्डर दिलं. साहेबांनी एकेक पान उलटलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. "ह्या सगळ्या झेरॉक्स आहेत. मूळ कुठंय?"

मी फोल्डर ओढून घेतलं. विक्रीचा दाखला झेरॉक्स, विमा झेरॉक्स, तात्पुरत्या नंबरचा कागद झेरॉक्स. प्रत्येकावर आप्पांच्या वळणदार अक्षरात 'खरी प्रत'. खऱ्याचा पत्ता नाही.

"साहेब, कागद आहेत हो. असतीलच."

"असतीलही. पण झेरॉक्सवर कुठलंही वाहन कुणाचंही होईल. माझ्याकडे रोज चार येतात तशी." आवाज चढवला नाही त्यांनी. "मूळ आणा, मी दोन मिनिटांत सोडतो. तोवर गाडी बाजूला घ्या."

बाजूला म्हणजे मागं. मला येत नव्हतंच. शेवटी नाक्यावरच्या दोघा शिपायांनी आणि एका ट्रक ड्रायव्हरनं मिळून डबा हातानं ढकलला. माझी मिजास तिथंच उतरली.

मी हिशेब केला. जीप सोडवून विजापूरला जायचं, परत यायचं, चार वाजणार. पुढं सोलापूर. संपलं सगळं. आणि मग डोक्यात एकदम आलं ते मी बोलून गेलो. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

"तुझ्या वडिलांनी मुद्दाम केलंय हे. आधी मुहूर्त, मग पौष, आता कागद. त्यांना तू बार्शीतच पाहिजेस. सरळ सांगायचं ना तोंडावर."

उज्ज्वला डब्याच्या पायरीवर बसली होती. रडली नाही, चिडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "कागद प्रस्थानात आहेत."

"काय?"

"ज्याच्यावाचून अडतं ते प्रस्थानात ठेवतात, म्हणजे ते मागं राहत नाही. आमच्याकडे पहिल्यापासून असंच. मी दहावीला तुळजापूरला मावशीकडे राहून परीक्षा दिली तेव्हा माझं हॉलतिकीट आप्पांनी शेजारच्या काकूंकडे तांदळात ठेवलं होतं. मला काल सुचायला पाहिजे होतं." मग म्हणाली, "पण तुम्ही थांबाल असं मला वाटलं होतं."

मी तिथंच चाकाला टेकून बसलो. समोरून ट्रक जात होते, यायचे, थांबायचे, जायचे. साहेबांनी एका शिपायाकरवी आम्हाला दोन कप चहा पाठवला. तो हातातच निवला.

दोन वाजायला आले असतील. कांद्याचा एक ट्रक नाक्याला लागला आणि त्याच्या केबिनमधून, आधी एक पाय, मग दुसरा, असे सावकाश एक म्हातारे उतरले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, खांद्याला खाकी पिशवी. पिशवी छातीशी धरूनच ते इकडेतिकडे बघत होते. आभाळी डबा दिसल्यावर त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला तो लांबूनही दिसला.

"हुसेनकाका," उज्ज्वला पळाली.

"बेटी, मी हात केला. पळालो पण. गुडघे साथ देत नाहीत आता." ते धापा टाकत होते. "पहिला ट्रकवाला घेईना, दुसरा घेईना. हा तिसरा, भला माणूस. म्हटलं, बाबा, पोतदारसाहेबांची थैली आहे, आजवर त्यांची एक थैली माझ्याकडून चुकलेली नाही."

मी हात पुढं केला. त्यांनी पिशवीतून काढलेलं गाठोडं मागं घेतलं.

"तुम्हाला नाही. नाव बघा."

लाल खणाचं गाठोडं, त्यावर शिवलेली पांढरी चिंधी, चिंधीवर शाईनं लिहिलेलं: सौ. उज्ज्वला संदिपान महामुनी.

"सही लागेल," हुसेनसाब म्हणाले आणि खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. "लिही बेटी. पोचलं. खाली सही. जागा लिही, वेळ पण लिही."

उज्ज्वलानं डब्याच्या पायरीवर कार्ड ठेवून लिहिलं. कार्ड उलटंपालटं केलं, क्षणभर थांबली, मग सही केली. मला एवढी घाई झाली होती की उलटी बाजू मी बघितलीच नाही. म्हटलं, म्हाताऱ्या टपालवाल्याची सवय, करू दे.

गाठ सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि त्याखाली मेणकापडात घडी घातलेले सगळे मूळ कागद. त्यावर एक निळं आंतर्देशीय पत्र, तिकीट लावायची गरज नसलेलं, तरी नीट चिकटवून बंद केलेलं. पत्ता असा: सौ. उज्ज्वला महामुनी, घर क्र. केए-२८ टी ४१७, मुक्काम सूर्यफुलाचं रान.

साहेबांनी कागद तपासले. शिक्का मारता मारता त्यांची नजर पत्रावरच्या पत्त्यावर गेली. ते वाचून त्यांनी कोण म्हातारे, कोण सासरे, सगळं विचारून घेतलं. मग शिक्का खाली ठेवून म्हणाले, "नवा नंबर मिळाला की पत्ता बदलल्याचं कळवा त्यांना. आणि महामुनी, रिव्हर्स घ्यायला शिका."

"खुदा हाफिज" म्हणून हुसेनसाब परतीच्या ट्रकची वाट बघायला निघाले. मी त्यांच्या पायाला हात लावला. जेवून जा म्हटलं, विजापूरला सोडतो म्हटलं, तर म्हणाले, "तुमची मुदत संपते ना आज? माझी काही मुदत नाही. निघा."

जीप सुरू केली. उज्ज्वलानं वाटेत पत्र फोडून मला वाचून दाखवलं. मोठं नव्हतं.

"चि. सौ. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद. तुझ्या घरच्या पत्त्यावर हे पहिलं पत्र. दोन वर्षांत तुला सात पत्रं टाकली, पाच परत आली. इतरांची हजारो पत्रं मी बरोबर खणात टाकली आणि स्वतःच्या मुलीचं एक पोचवता येईना, ह्याचं वाईट वाटायचं. आता तुला नंबर मिळाला. तू संदिपानरावांबरोबरच राहावंस अशी माझी पहिल्यापासून इच्छा. फक्त जमिनीपासून वर राहा. मूळ कागद ह्यातच ठेवले आहेत. फोल्डर घाईत कुठंही राहतं, पण संदिपानराव माझं प्रस्थान मागं ठेवणार नाहीत, ही खात्री आहे. तुझे आप्पा."

ती शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. माझी नजर रस्त्यावर होती, पण रस्ता काही नीट दिसत नव्हता. जीप पस्तीसच्या वर गेली नाही.

पावणेचारला आरटीओच्या फाटकात पोचलो. आप्पा उन्हात रांगेत उभे होते, सकाळपासून. बसायला बाक होता, पण बसले तर नंबर जाईल म्हणून बसले नव्हते. आम्हाला बघून पहिला प्रश्न तोच.

"प्रस्थान घेतलंत ना?"

मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण उज्ज्वला आधी बोलली.

"घेतलं की, आप्पा. हे बघा."

आप्पांनी गाठोडं कपाळाला लावलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. नोंदणी झाली, नवा नंबर मिळाला, आणि सोमवारी उज्ज्वलानं सूर्यफुलाच्या रानात, जमिनीपासून दोन फूट वर, आतून कडी लावली. त्या रात्री ती जी झोपली ती उन्हं वर येईपर्यंत उठली नाही. मी बाहेर पेट्यांपाशी बसून त्या बंद दाराकडे बघत होतो. मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

ह्याला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. हुसेनसाब गेले. डबा दोनदा बदलला. दरसाल पहिल्या फुलोऱ्याला निघायच्या आधी मी स्वतः प्रस्थान ठेवतो आणि त्यात माझा गाडी चालवायचा परवाना ठेवतो, म्हणजे उचलल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

गेल्या दिवाळीत आप्पांना म्हटलं, एक सांगायचं राहिलंय. शहाऐंशी पुरी झालीत त्यांची, ऐकायला कमी येतं. म्हणून मी सगळं मोठ्यानं सांगितलं: वखार, हात करणारे हुसेनसाब, न थांबलेली जीप, आणि नाक्यावर मी त्यांच्याबद्दल जे बोललो तेही. उज्ज्वला दारात उभी होती.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग उशीखालच्या डबीतून एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. एका बाजूला हुसेनसाबांच्या अक्षरात आप्पांचा पत्ता. दुसऱ्या बाजूला उज्ज्वलाच्या: पोचलं. सही. सरहद्दीचा नाका, दुपारी एक पंचावन्न.

"चौथ्या दिवशी आलं," आप्पा म्हणाले. "जागा वाचली, वेळ वाचली. छाननी करणाऱ्याला आणखी काय लागतं?"

मी उज्ज्वलाकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, आप्पा?"

"पुढच्या साली तुम्ही आपणहून प्रस्थान ठेवलंत. मग बोलायचं काय राहिलं होतं?"

त्यांनी कार्ड परत डबीत ठेवलं, उशाची वही घेतली, पेनाचं टोपण काढलं.

"यंदा कुठला फुलोरा? पत्ता सांगा."